पाहुण्यांची काच

मुलांनो, आजोबांनी मायक्रोवेव्ह जाळला, असं तुमच्या आत्याने तुम्हाला फोनवर सांगितलं म्हणे. जळलेला नाही. आतल्या भिंतीवर एक काळा डाग पडला आहे, एवढंच. तुम्हीच तो हट्टाने घ्यायला लावलात, म्हणून झालं ते क्रमाने लिहून ठेवते. हल्ली मी फार दमते, आणि महिन्याभराने मलाच हा क्रम नीट आठवेल याची खात्री नाही.

तो आला तेव्हा मी सोबतची पुस्तिका पेन्सिलने खुणा करत वाचली आणि घरातली सगळी भांडी टेबलावर मांडली. स्टील, पितळ, ॲल्युमिनियम बाजूला. सोनेरी काठाचे कपही बाजूला, कारण तो काठ धातूचाच. संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून मिळालेले प्लॅस्टिकचे डबे ढीगभर निघाले. एकाच्याही बुडाला मायक्रोवेव्हची खूण नव्हती. मेलामाइनच्या बशा दिसायला चिनी मातीच्या, पण त्याही चालत नाहीत. एका जुन्या बाऊलची शंका होती. तो रिकामा आत ठेवला, शेजारी पाण्याने भरलेला काचेचा मग ठेवला आणि एक मिनिट लावलं. पाणी कोमटच राहिलं, बाऊलने मात्र हाताला चटका दिला. तोही बाद. इतक्या वर्षांच्या संसारातून जेवण गरम करायला उरली काय, तर उष्णता सोसणाऱ्या काचेची झाकणवाली दोन भांडी. कुणीतरी आहेरात दिलेली, कधीच न वापरलेली.

इथे माझी चूक झाली. भांडी निवडली, जेवणारा विचारात घेतला नाही.

आजोबांना आता बरंच काही आठवत नाही. पण काच पाहुण्यांची आणि घरच्यांनी स्टीलमध्ये जेवायचं, हे पक्कं आठवतं. काचेच्या भांड्यातला वरणभात पुढे ठेवला की ते तो सरकवतात.

"अगं, आधी पाहुण्यांना दे."

"अहो, पाहुणे कुणी नाहीत."

"मग येतील तेव्हा दे." आणि उपाशी बसतात.

त्यांना त्यांची वाटी लागते. लग्नात माझ्या आईने दिलेली, त्यांचं नाव घातलेली. नाव घालणाऱ्याने त्यातला एक काना गाळला. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यामुळे पहिल्या दिवसापासून मला ऐकावं लागलं, "हे तुझ्या माहेरचं शुद्धलेखन."

एका दुपारी मी गुडघ्याला तेल लावत बसले होते. त्यांनी त्याच वाटीत वरण घेतलं, वाटी मायक्रोवेव्हमध्ये ठेवली आणि बटण दाबलं. तडतड ऐकून मी कशीबशी उठले. आत निळ्या ठिणग्या उडत होत्या. मी बटण बंद केलं. ते म्हणाले, "फोडणी छान बसली."

आत्या नौपाड्याहून तासाभरात डोंबिवलीला पोचली. "आई, आज ठिणग्या, उद्या गॅस. माजिवड्याला वृद्धांची एक जागा बघून आलेय मी. बाबांना तिथे ठेवू."

"आणि मी?"

"तू जरा झोपशील गं!"

मी चिडले नाही. झोपेचा मोह मला खरोखर झाला. रविवारी ठरवू, असं म्हणून ती गेली.

दुसऱ्या दिवशी काचेचं भांडं घेऊन मी स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानात गेले. म्हटलं, यावर नाव घालून द्या, काना गाळून.

"आजी, काचेवर ही सुई नाही चालत. तडकेल."

"हळू घाला."

"मग हळू तडकेल."

घरी येऊन सगळं स्टील ओट्याखालच्या कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. किल्ली माझ्या गळ्यात. आता काचेत गरम करायचं, कुलूप काढायचं, वाटीत ओतायचं, त्यांना द्यायचं, वाटी घासून पुन्हा आत ठेवायची. दिवसातून तीनदा. गॅस वापरून झाला की सिलिंडरचं बटणही बंद करायचं. मधे कधी कधी मी खुर्चीवर बसून घेते.

रविवारी आत्यासमोर हे सगळं केलं. ती माझ्या गळ्यातल्या किल्लीकडे बघत होती. आजोबांनी वाटी हातात घेतली, फिरवली, नावावर बोट ठेवलं आणि तिला म्हणाले, "काना कुठाय बघ. हे हिच्या माहेरचं शुद्धलेखन." ते तिला ओळखून म्हणाले की नाही, सांगता येत नाही. सगळा भात मात्र संपवला.

जाताना चपला घालत आत्या म्हणाली, "माजिवड्याचं दिवाळीनंतर बघू. तू पण जेव गं."

आतल्या भिंतीवरचा डाग निघत नाही. वाटीच्या काठाला एक काळा ठिपका राहिला आहे. नाव अजून वाचता येतं, आणि त्यात काना नाही हे त्यांना अजून दिसतं.