गेजमागचा दाब

माझे पती गुजरातमध्ये गॅसच्या विहिरींवर दाब बघायचं काम करत. आमच्या कटंगीत विहीर म्हटली की लोकांना पाण्याचीच वाटते. या विहिरीत जमिनीतून लोखंडी पाइप वर येतो, त्याला वॉल्व असतात, आणि आतला गॅस किती जोरात आहे ते घड्याळासारखं गेज दाखवतं. ह्यांनी विहिरीविहिरीवर जाऊन काटा बघायचा आणि ऑफिसला कळवायचं.

एका गेजचा काटा अडकला. ते बदलायचं तर खालचा वॉल्व बंद करून मध्ये कोंडलेला दाब आधी सोडावा लागतो. वॉल्व पूर्ण बंद होत नव्हता. ह्यांनी ठेकेदाराच्या सुपरवायझरला तसं सांगितलं. तो म्हणाला, "एक मिनट का काम है, खोल दे."

ह्यांनी खोललं. गेज तोंडावर आलं. दोन्ही डोळे गेले.

घरातल्या एकाला कामावर घेऊ, असं ठेकेदार म्हणाला. मी बारावीपर्यंत विज्ञान शिकलेली. मी म्हटलं, "मले पाठवा."

"मंग आंधळ्याले कोण पाह्यल?" सासू म्हणाली.

कामावर गेले भासरे, म्हणजे माझे थोरले दीर. त्यांना काम शिकवलं ह्यांनीच. धानाच्या बांधीवर पंपाचा फुगलेला पाइप चाचपडत हे सांगायचे, "भाऊ, वॉल्व बंद केला तरी पाइप कडकच आहे, पाह्य. आत जोर आहे अजून. तो आधी सोडाचा." भासरे बिडी ओढत ऐकायचे.

दिवाळीला भासरे सुटीवर आले. पाहुणे जेवायला बसले होते. कोणीतरी ह्यांच्या डोळ्यांचं विचारलं.

"दाब न सोडता गेज खोललं यानं," भासरे म्हणाले. "एवढं त नव्या माणसाले बी समजते."

पाहुणे हसले. हेही मान खाली घालून हसल्यासारखं करत राहिले.

भासऱ्यांसमोर आमच्यात सून तोंड उघडत नाही. मी भाताचं पातेलं खाली ठेवलं. "वॉल्व धरत नोता. यायनं सुपरवायझरले सांगतलं होतं. तुमाले माईत आहे."

"माईत आहे ना." भासरे भात कालवत होते. "पण साहेबासमोर चूक यानंच कबूल केली, तवा मले घेतलं. इचार त्याले."

मी ह्यांच्याकडे वळले.

"हौ," हे म्हणाले. "घरात एक पगार त यावा."

चूक ह्यांची नव्हती म्हणून मी कटंगीभर भांडत हिंडले होते. "मले काहून नाही सांगतलं?"

"तू होऊ देलं नसतं."

सासू म्हणाली, "पाहुण्यायले भात वाढ."

मी वाढला.

त्यानंतर सासूने आमची चूल वेगळी केली. मी ह्यांना घेऊन माहेरी, खैरलांजीकडे आले. इथे ब्लाउज शिवते. त्या दिवसाचा राग अजून गेलेला नाही. भासऱ्यांवर आहे त्याहून जास्त ह्यांच्यावर आहे. कधी कधी मी ताट जरा लांब सरकवून ठेवते आणि ते जमीन चाचपत असताना बघत उभी राहते.

संध्याकाळी हे भावाला फोन लावतात. "भाऊ, त्या विहिरीचा दाब आज किती आहे?" भासरे तोंडाला येईल तो आकडा सांगून फोन ठेवतात.

"एवढा त तिथं असूच शकत नाही," हे मला म्हणतात.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लावतात.