सहाव्या बोटाचा मान

माझी मावशी दगडाबाई माझ्या आईवर जळते. साठ वर्षं झाली, अजून दमली नाही. कारण एवढंच, की माझ्या आईच्या, सिंधूबाईच्या, उजव्या अंगठ्याला लागून सहावं बोट आहे आणि मावशी थोरली असूनही तिला ते नाही.

माहेरी, कवठे येमाईत, त्यांच्या वडिलांनी, आण्णांनी, तो हात भाग्याचा ठरवला. पेरणीला बियाण्याची पहिली मूठ धाकटीची. मावशी बांधावर धुमसत बसायची. पुढं दोघी मांडवगण फराट्याला एकाच घरात सख्ख्या जावा झाल्या, तिथंही सासऱ्यांनी तेच धरलं. आता पेरणी ट्रॅक्टरनं होते, पण पहिली मूठ आईचीच, आणि त्या दिवशी मावशीचं डोकं हमखास दुखतं.

यंदा मावशीच्या मुलाला, सत्यजीतला, मुलगी झाली. सहा बोटांची!

"माझ्यावर गेली गं!" आई हरखली.

"तुझ्यावर कशी जाईल? नात माझी हाय," म्हणत मावशीनं बाळ ओढूनच घेतलं.

मी पुण्यात कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर संशोधन करते. मावशीनं मलाच धरलं. "खरं सांग, हे बोट आलं कुठनं?"

सांगितलं. बोटांची मांडणी ठरवणारा एक जनुक सगळ्यांतच असतो. त्याचं बटण मात्र डीएनएच्या त्याच धाग्यावर बरंच लांब असतं; मोटर विहिरीवर आणि स्टार्टर घरात, तसं. पोटात बाळाच्या हाताचा कोंब फुटतो, तेव्हा हे बटण जनुकाला करंगळीच्या बाजूलाच चालू करतं. या बटणाच्या डीएनएतलं एखादं अक्षर बदललं, तर तो अंगठ्याकडंही चालू होतो आणि बोट वाढतं. कुणाकुणात अक्षर बदलूनही हात साधाच राहतो.

सगळ्यांचं रक्त तपासून घेतलं. बदललेलं अक्षर आईत निघालं, बाळात निघालं, सत्यजीतमध्ये निघालं. आणि मावशीतही.

"म्हंजी हे मला बी जन्मापासनं हाय?"

"व्हय, मावशी."

"मग पहिली मूठ माझी व्हती," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले.

पेरणीच्या दिवशी आईनं बियाण्याची पाटी तिच्यापुढं केली. मावशीनं मूठ भरली. आपल्या हाताकडं बघितलं, मग आईच्या. बियाणं हळूच पाटीत परत सोडलं.

"हाय म्हणती तुझी पोरगी," ती म्हणाली. "पण दिसत न्हाई ना, सिंधे."