वाणाच्या गाळण्या

पत्रक कसं लिहायचं हे मी कामगार संघटनेत असताना, भोपाळच्या गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यांच्या गेटवर शिकले. शिफ्ट सुटते, माणसं थकून बाहेर पडतात, आपण कागद पुढे करतो. तो फेकायचा की खिशात घालायचा, हे माणूस तीन पावलांत ठरवतो. म्हणून मुद्दा पहिल्या ओळीत. आणि लपवायचं काही नाही, कारण जे लपवाल त्याची तुम्हाला लाज वाटते असंच लोक धरून चालतात. मला हे पटलं होतं. अजूनही बहुतेक ठिकाणी पटतं. एका ठिकाणी नाही, आणि त्याबद्दलच हे लिहितेय.

पुढे मी ज्या संस्थेत आले तिनं भोपाळमध्येच, बाग सेवनियात, एक घर भाड्यानं घेतलं होतं. खाली दोन खोल्या, वर एक, मागे कढीपत्त्याचं झाड. तिथे चार बायका राहायच्या, चौघीही मनोरुग्णालयातून आलेल्या. मी त्यांच्या सोबतीला. गोळ्या घेतल्या का बघायचं, महिन्यातून एकदा सरकारी दवाखान्याच्या रांगेत त्यांच्याबरोबर उभं राहायचं, बँकेत, रेशनच्या दुकानात जायचं, आणि बाकीच्या वेळी त्यांच्या मध्ये मध्ये करायचं नाही. हे शेवटचं काम सगळ्यात अवघड. मला ते कधी धड जमलं नाही.

चौघींत मराठी एकट्या काकू. वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आलेले, त्यामुळे बोलण्यात मधूनच नागपूर डोकवायचं. मनोरुग्णालयात त्यांची अकरा वर्षं गेली. त्यातली पहिली दोन आजाराची. उरलेली नऊ कशाची होती हे मला कुणीतरी सांगावं. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं की घरी पाठवायला हरकत नाही. कुठल्या घरी? नवऱ्यानं दुसरा संसार मांडून गाव बदललेलं, भावानं फोन उचलणं सोडलेलं. आपल्याकडे बाईला आत ठेवायला एक सही पुरते. बाहेर काढायला पत्ता लागतो, आणि पत्ता देणारं खातं कुठल्याच सरकारात नाही. त्या पत्त्याची वाट बघण्यात नऊ वर्षं गेली. मी हे भाषणात सांगते तेव्हा आवाज चढतो. काकू सांगायच्या तेव्हा भाजीचा भाव सांगावा तशा सांगायच्या.

त्या गल्लीत चार-पाच मराठी घरं होती, आणि काकू संध्याकाळी गेटशी उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलायच्या. पहिल्याच वर्षी संक्रांतीनंतर समोरच्या वहिनी, मूळच्या ग्वाल्हेरच्या, गेटवर आल्या.

"काकू, संध्याकाळी हळदीकुंकवाला या हं. तुमचे मिस्टर कुठे असतात?"

"बाहेरगावी," काकू म्हणाल्या.

आत आल्यावर मी बघतच राहिले. "खोटं कुठे बोलले?" त्या म्हणाल्या. "बाहेरगावीच आहे तो."

मला हळदीकुंकू आवडत नाही. नवरा असेल तिला पाट, नसेल तिला दार. मी त्यावर एकदा पत्रकही काढलं होतं. ते सगळं मी काकूंना ऐकवलं. साडीच्या निऱ्या घालता घालता त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "तुझं बरोबर आहे गं. पण मला बोलावलं ना तिनं."

परत आल्या तेव्हा ओच्यात हळदीकुंकवाच्या पुड्या, तिळगूळ आणि वाण म्हणून मिळालेला एक कंगवा. लाल, प्लॅस्टिकचा. तो त्यांनी खिडकीत उभा करून ठेवला, वापरला नाही. वॉर्डात सगळ्यांना मिळून एकच कंगवा असायचा.

दुसऱ्या वर्षीही बोलावणं आलं. तिसऱ्या वर्षी डिसेंबरातच काकूंनी सांगितलं, "यंदा मी करते. दरवर्षी आपणच घेऊन येऊन राहिलो, ते बरं नाही दिसत. मलाही वाण द्यायचंय."

महिनाभर दुसरा विषय नव्हता. वाण काय द्यावं यासाठी दोनदा न्यू मार्केटला जाऊन आलो. वाट्या नकोत, सगळेच देतात. रुमाल नकोत, घरात हरवतात. शेवटी चहाच्या गाळण्या ठरल्या, स्टीलच्या, बारीक जाळीच्या, वीस. काकूंनी एकेक गाळणी उजेडाकडे धरून पारखून घेतली. दुकानदार कंटाळला.

घरी आल्यावर आपांनी पिशवीत डोकावून बघितलं. आपा चौघींतल्याच, जुन्या शहरातल्या, वरच्या खोलीत राहायच्या. जीभ अशी की डॉक्टरसुद्धा जपून असायचे, आणि बोलण्यात मधूनच भोपाळी ‘को खां’, म्हणजे ‘काय राव’.

"इतनी छलनियाँ? को खां, पागलखाने में तो चाय कभी छनी नहीं।"

"म्हणूनच," काकू म्हणाल्या आणि दोघी तोंडावर पदर धरून हसल्या.

काकू करंडा घेऊन दारोदार जाऊन आल्या. मराठी घरं झाली, मग हिंदी बोलणारीही. सगळ्यांनी येतो म्हणून सांगितलं.

इथे माझं डोकं चाललं. गल्लीतल्या बायका घरी येणारच आहेत, तर त्यांना खरं कळू दे, या बायकांनी लपून का राहावं, असं मला वाटलं. सोमवारी सकाळी चहाबरोबर आमची घरातली बैठक असायची. त्यात मी पत्रकाची गोष्ट काढली.

"ज़रूरत क्या है?" आपांनी विचारलं.

"ताकि किसी को छुपकर न जीना पड़े, आपा।"

"मैं कहाँ छुपी हूँ? रोज़ तो दूध लेने जाती हूँ।"

बाकीच्या दोघी चहात बिस्किट बुडवत राहिल्या. मी काकूंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "तू म्हणशील तसं."

मी रजिस्टरमध्ये लिहिलं, सर्वानुमते.

मालकासमोरचा होकार हा होकार नसतो, हे मी गेटवर किती वेळा सांगितलं असेल. आणि "तू म्हणशील तसं" हे काकूंचं वॉर्डातलं वाक्य होतं. गोळीला तेच, केस कापायला आले की तेच, मंगळसूत्र काढून घेतलं तेव्हा तेच. त्यांनीच मला हे सांगितलेलं होतं. तरी मला त्या दिवशी त्या वाक्यात होकार ऐकू आला, कारण मला तो हवा होता.

पत्रक मी हिंदीत लिहिलं. मुद्दा पहिल्या ओळीत. "आपकी गली में मानसिक अस्पताल से लौटी चार महिलाएँ रहती हैं। डरिए मत।" खाली त्यांचे हक्क, त्याखाली घराचा पत्ता. हळदीकुंकवाच्या दोन दिवस आधी, सकाळी दूधवाल्याच्या वेळेला, मी स्वतः प्रत्येक गेटमध्ये एकेक घातलं.

तोवर त्या गल्लीत कुणी घाबरलेलं नव्हतं. घाबरू नका म्हणून मी छापलं, आणि लोकांना कळलं की यात घाबरण्यासारखं काही आहे.

दुपारी घरमालक आले. निवृत्त माणूस, कोपऱ्यावरच्या घरात राहायचे, मफलर बारा महिने. मी त्यांना मनातल्या मनात घाबरट मध्यमवर्गीय म्हणून कधीच एका कप्प्यात टाकून दिलं होतं. कागद त्यांच्या हातात होता, नीट चौघडी घातलेला.

"बिटिया, ये क्यों किया?"

"सच है, अंकल।"

"सच तो मुझे पहले दिन से मालूम था। तुम्हारी संस्था ने बताकर ही घर लिया था। मैंने किसी से नहीं कहा। घर में भी नहीं।"

"क्यों नहीं कहा?"

"कहने की बात क्या थी? किराएदार थीं। अब सुबह से सब मुझसे पूछ रहे हैं।"

माझ्याकडे लाज, समाज, पूर्वग्रह असं सगळं तयार होतं. त्यातलं काहीच त्यांना लागू होत नव्हतं.

हळदीकुंकवाच्या दिवशी काकूंनी दुपारीच रांगोळी घातली. हिरवी साडी, केसात गजरा. गाळण्या ताटात गोल मांडल्या, दांडे बाहेर. पत्रकाबद्दल त्या मला एक शब्द बोलल्या नव्हत्या. सतरंजीवर भिंतीशी बसून राहिल्या, दाराकडे तोंड करून.

चार वाजले, पाच वाजले. गल्लीत बायकांचा आवाज यायचा, जवळ यायचा, पुढे जायचा. दर वेळी काकू पदर सारखा करायच्या. समोरच्या वहिनी दोरीवरचे कपडे काढायला गच्चीवर आल्या आणि आमच्या दाराकडे बघून आत गेल्या. ऊन उतरलं तेव्हा त्या गेटपाशी आल्या. बाहेरच्या बाजूला.

"काकू, आज नाही हो जमायचं. यांना बरं नाही."

"असू दे, असू दे." काकू करंडा घेऊन गेटपर्यंत गेल्या, मी मागोमाग. "उभ्या उभ्या कुंकू तरी घेऊन जा."

"हात ओले आहेत माझे," वहिनी म्हणाल्या.

हात कोरडे होते. आणि कुंकू काय हाताला लावतात? मी तोंड उघडलं. काकूंनी न वळता माझं मनगट धरलं, घट्ट.

"तू गप्प बस."

तीन वर्षांत त्यांनी मला कधी असं म्हटलं नव्हतं. मग वहिनींना म्हणाल्या, "काळजी घ्या त्यांची. रात्री गरम काही द्या."

वहिनींनी मान खाली घातली आणि गेल्या. मी पुष्कळ दिवस त्या बाईचा राग केला. आता तेवढा येत नाही. तिच्या घरातही कुणीतरी तो कागद मोठ्यानं वाचला असणार.

आपा जिन्यावर बसून सगळं बघत होत्या. खाली आल्या आणि सतरंजीवर ऐसपैस मांडी घालून बसल्या. "मुझे तो किसी ने न्योता भी नहीं दिया, फिर भी आ गई। लाओ मेरी छलनी।" काकूंनी त्यांच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला, गाळणी दिली. दुसऱ्या दोघींना कुंकू लावलं, गाळण्या दिल्या. मग मी पुढे सरकले. मी, जिनं याच्यावर पत्रक काढलं होतं, कपाळ पुढे करून बसले.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "तुझा नाही ना विश्वास यावर," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. त्यांनी करंडा मिटला.

उन्हाळ्यात घर सोडावं लागलं. मालकांनी मुदत वाढवून दिली, एकदा नाही, दोनदा, पण गल्लीपुढे त्यांचंही चाललं नाही. दुसरं घर मिळता मिळेना. शेवटी मंडीदीपच्या बाजूला मिळालं, कारखान्यांच्या मागे. दवाखाना लांब, बस कमी. सामान बांधताना उरलेल्या सतरा गाळण्यांचा गठ्ठा काकूंनी स्वतः वर्तमानपत्रात गुंडाळला.

त्या पुन्हा आजारी पडल्या नाहीत. हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण सगळे तेच विचारतात. गोळ्या नियमित, झोप नियमित, पुन्हा भरती नाही. दर तिमाहीला मी जो फॉर्म भरते त्यात त्या आमच्या सगळ्यात चांगल्या रहिवासी आहेत. पहिल्यासारख्या गेटशी उभ्या राहत नाहीत, हे लिहायला त्या फॉर्ममध्ये रकाना नाही. तो फॉर्म बनवणाऱ्यांशी मी भांडले. पण रकाना असता तरी मी त्यात लिहिलं काय असतं? कुणामुळे, हेही लिहावं लागलं असतं.

यंदा जानेवारीत मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते, त्यातल्याच एका गाळणीनं. दारात बाईचा आवाज आला. शेजारची होती, नवरा कारखान्यात, माहेर अमरावतीकडचं.

"काकू, उद्या हळदीकुंकू ठेवलंय. यायचं बरं का."

"आमच्यात नसतं," काकू म्हणाल्या.

"असं कसं? तुम्ही तर आपल्या तिकडच्याच ना?"

"हो. पण आमच्यात नसतं."

बाई जरा घुटमळली असावी. मग चपलांचा आवाज लांब गेला. काकू आत आल्या, ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"गेली का?"

मी खिडकीतून बघितलं. "गेली."

"फार विचारत नव्हती ना?"

"नाही, काकू."

त्यांनी कप उचलला, आणि गाळणी माझ्या हातून घेऊन धुवायला लागल्या.