निकालावर चाळीस टक्के

माझं सगळं बदललं ते परवा दुपारी, वकीलसाहेबांच्या ऑफिसात... मी आवाज न चढवता एक अख्खं वाक्य बोललो तेव्हा!

गोष्ट अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या गुडघ्याची. शेंद्र्याच्या कंपनीत ड्युटी संपवून रस्ता ओलांडताना एका कारनं त्यांना उडवलं. दवाखान्यातच वकीलसाहेब भेटले. म्हणाले, "केस मी लढतो. भरपाई मिळाली तर तीस टक्के माझे, नाही मिळाली तर एक रुपया नको."

माझं डोकं तेव्हा इतकं फिरलेलं की मी म्हणालो, "तीस कशाला, चाळीस घ्या! पण त्या कारवाल्याला रडवा!"

कारवाला काही रडला नाही... पैसे भरले ते त्याच्या इन्शुरन्स कंपनीनं. गेल्या आठवड्यात रक्कम अण्णांच्या खात्यात आली. पण त्यातले चाळीस टक्के गेले की गुडघ्याचं ऑपरेशन लटकणार होतं.

आता 'ती'. पुंडलिकनगरात राहते, लॉ करते. मी कॉलेज अर्ध्यात सोडलं, पण तिनं मला अजून सोडलेलं नाही... निदान मी तसं धरून चाललोय. तिला सगळं सांगितलं तर म्हणाली, "येड्या, निकालावर टक्के ठरवून फी घेणं वकिलांच्या नियमात बसतच नाही. जा, शांतपणे बोल. ओरडलास तर मला फोन करू नको."

झालं... अण्णांना घेऊन गेलो. कानशिलं तापलेली, पण मनात एकच धास्ती, तिनं खरंच फोन उचलला नाही तर? एका दमात, हळू आवाजात नियम सांगून टाकला.

साहेबांनी चष्मा काढला. "हे कोणी शिकवलं?"

"आहेत एक वकिलीणबाई... होणाऱ्या."

त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला. मला वाटलं, बिनसलं सगळं. तेवढ्यात अण्णा म्हणाले, "साहेब, तुमची मेहनत बुडवायची नाय आपल्याला. लई तारखा केल्या तुम्ही. पण गुडघा बी माझाच हाय. कामाचं काय व्हतंय ते सांगा."

साहेब खो खो हसले. "अहो, चाळीस मी मागितले कुठं? तुमच्या चिरंजीवांनीच लिलाव लावला!"

मग त्यांनी कोर्टाचा खर्च आणि केलेल्या कामाची ठरावीक फी सांगितली. ऑपरेशन होऊन वर थोडं उरेल, एवढं आमच्या हातात राहिलं. पावतीसुद्धा दिली.

वर म्हणाले, "त्या बाईंना सांग, सनद मिळाली की मला येऊन भेट. तुला गप्प बसवते म्हणजे कोर्ट गाजवेल!"

तिचे आभार कसे मानू, कळत नाही... आजवर मी कित्येक ठिकाणांहून रागानं उठून निघालोय. परवा पहिल्यांदा भरल्या मनानं निघालो. अण्णांना पुढं जाऊ दिलं, साहेबांना नमस्कार केला, आणि बाहेर येऊन दार हळूच ओढून घेतलं.