सिनेमाखालची पट्टी

हे अजून माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, बहिणीला नाही, देवापुढे उभं राहूनही नाही — देवापुढे मी फारशी उभी राहतच नाही, ते वेगळं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. लिहायला बसल्यावर कळलं, तसं काही नाही.

आधी काम सांगते, म्हणजे पुढचं समजेल. राहुरीत आमचा केबलचा धंदा होता. खांब, वायरी आणि लोकांच्या तक्रारी नवऱ्याकडे, कंट्रोल रूम माझ्याकडे. कंट्रोल रूम म्हणजे गच्चीवरची पत्र्याची खोली. त्यात डब्यांसारखी यंत्रं, एक कॉम्प्युटर, एक टेबलफॅन आणि मी. आमचं स्वतःचं एक लोकल चॅनल होतं. दुपारी त्यावर सिनेमा लागायचा, आणि पडद्याच्या तळाशी दिवसभर पिवळ्या अक्षरांची पट्टी सरकत असायची. कुणाचा वाढदिवस, कुणाची गाय हरवली, नळाला पाणी कधी येणार, कोण वारलं आणि अंत्यविधी किती वाजता. ती पट्टी मी टाईप करायचे. सगळ्या गावाशी बोलायचे म्हणा ना — आणि समोर कुणी नसायचं. पंख्याचा आवाज तेवढा.

उन्हाळ्याच्या सुटीत पोरांचे फोन यायचे. त्यांना एकच सिनेमा हवा असायचा, तो जपानी कार्टूनचा. ते अद्भुत प्राणी तुम्हीही पाहिले असतील — दप्तरांवर, पाण्याच्या बाटल्यांवर, वेफर्सच्या पाकिटातून निघणाऱ्या गोल चकत्यांवर. त्यांचे सिनेमे अजूनही निघतात म्हणे. आमच्याकडे होता तो हिंदीत बोलणारा. एक पिल्लू कळपातून मागे राहतं आणि काही मुलं त्याला डोंगरापलीकडे त्याच्या घरच्यांकडे पोचवायला निघतात, एवढीच गोष्ट. मला पाठ झाला होता. तो लावायचे हक्क कुणाचे, हे तेव्हा कुणी विचारत नव्हतं, मीही विचारलं नाही. पण आज सांगायचं ते हे नव्हे.

सगळ्यात जास्त फोन मागच्या गल्लीतल्या प्राजूचे. नऊ वर्षांची पोर. आई-बाप दोघंही नोकरीला, त्यामुळे ती दिवसभर आत्याजवळ. आत्या म्हणजे सुमन. नवऱ्याने टाकलेली, म्हणून भावाकडे राहणारी. ब्लाउज शिवायची आणि प्राजूला सांभाळायची. भाऊ होता तोवर त्या घरात तिच्या असण्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

तो भाऊ एका शनिवारी सकाळी मोटारसायकलवरून नगरला कामावर निघाला आणि रस्त्यात ट्रकखाली गेला.

दुपारी अडीचला सुमनचा फोन आला. तिने सांगितलं, भाऊ गेला. वहिनी नगरला दवाखान्यात आहे, पाचपर्यंत त्याला घेऊन येतील. प्राजूला काहीच माहीत नाही. वहिनीने निक्षून बजावलंय — पोरीला मी स्वतः सांगणार, जवळ घेऊन सांगणार, तोवर कुणी तोंड उघडायचं नाही.

"तेवढा तो प्राण्यांचा शिनुमा लावा ना. तिला गुतवून ठेवायचंय. मला तिच्याकडं बघवंना."

मी म्हटलं, लावते. पावणेतीनला लावला.

आता इथे मी नेहमी थांबते. गेली पंधरा वर्षं मनातल्या मनात हे सांगताना मी या जागी एक वाक्य घालत आले — मग मी विसरले. कामाच्या गडबडीत विसरले. माणूस विसरतो. किती सोयीचं वाक्य आहे ना? मी विसरले नव्हते.

साडेतीनच्या आसपास तरुण मंडळाच्या अध्यक्षाचा फोन आला. पट्टी टाका, संध्याकाळी सहाला अमरधाम, लोकांना कळायला पाहिजे. मी त्याला म्हटलं, जरा वेळाने टाकते. तो म्हणाला, "जरा येळानं कशाला? पलीकडच्या केबलवाल्यानं कवाच टाकली आसंल. तुमचं आपलं पोरांचं चालूंद्या."

ते मला लागलं. हसू नका. हायवेच्या पलीकडे एकाने नवीन केबल सुरू केली होती आणि त्याचंही चॅनल होतं. गावातली बातमी आमच्याआधी त्याच्याकडे? मी घड्याळ पाहिलं. सिनेमा संपायला पाऊण तास होता. पाऊण तास थांबले असते तर काय झालं असतं? काहीही नाही. अंत्यविधी सहाला होता.

मी टाईप केलं. नाव, आडनाव, दुःखद निधन, सहा वाजता. मग बटणावर बोट ठेवून मी विचार केला — हो, विचार केला, म्हणूनच तर सांगतेय — की प्राजू बघत असेल. आणि स्वतःला म्हटलं, लहान पोरं चित्रं बघतात, खालची पट्टी कोण वाचतं?

हेही खोटं. प्राजू पट्टी वाचायची, हे मला पक्कं माहीत होतं. आज कुणाकुणाचा वाढदिवस ते तीच मला फोन करून म्हणून दाखवायची. तिच्या वाढदिवसाला मी तिचं नाव दोनदा फिरवलं होतं, आणि तिने दोन्ही वेळा मोजलं होतं. अख्ख्या राहुरीत त्या क्षणी त्या पडद्याच्या तळाशी कुणाची नजर असेल, तर तिची असेल, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

बटण दाबलं. पिल्लू आणि ती मुलं डोंगर चढत होती. त्यांच्या पायांखालून तिच्या बापाचं नाव सरकत गेलं. मी ते बघत बसले. तीन-चार वेळा सरकल्यावर मी पट्टी काढली. सिनेमा संपला तशी पुन्हा लावली, ती सहापर्यंत ठेवली.

पुढचं मला नंतर कळलं. सुमन आतल्या खोलीत होती. लोक येणार म्हणून सतरंज्या काढत होती, आणि रडायलाही तिला तेवढीच जागा होती. सिनेमा संपायच्या आधीच बाहेर आली, तर टीव्ही बंद आणि पोर पायरीवर बसलेली. सुमनला वाटलं, कंटाळली असेल. पाचला गाडी आली. आई उतरली, पदर सावरत पोरीकडे धावली, आणि प्राजू तिला म्हणाली, "मला माहितीये. सहा वाजता न्यायचंय ना?"

त्या बाईचा विचार करा. नगरपासून राहुरीपर्यंत ती गाडीत नवऱ्याशेजारी बसून एकच गोष्ट घोकत आली असेल — पोरीला कसं सांगायचं. तेवढं एकच तिच्या हातात उरलं होतं.

प्राजूने सांगितलं, टीव्हीवर वाचलं. पण खरं कोण मानणार? दहाव्यानंतर प्राजूची आई, रेखा, माझ्याकडे आली. मागे सुमन, भिंतीला टेकून. रेखाने सरळ विचारलं, ताई, सिनेमा चालू असताना पट्टी होती का? तिने मला ताई म्हटलं, आणि मला वाटतं, मी हो म्हणाले असते तर ती ओरडलीही नसती. थकली होती.

मोठी माणसं त्या दुपारी झोपलेली. पट्टी किती वाजता सुरू झाली, हे मी आणि एक नऊ वर्षांची मुलगी, एवढ्या दोघींनाच माहीत.

"नाही," मी म्हटलं. "सुमनने सांगून ठेवलं होतं ना. सिनेमा संपल्यावरच लावली."

सुमनचं नाव घेऊन म्हटलं. तिच्या फोनचा आधार घेऊन. सुमनने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. संशयाने नाही, हो. तिला वाटलं मी खरंच सांगतेय. ती गोंधळली होती. बहुतेक आठवून बघत होती, आपणच तर पोरीसमोर काही बोललो नाही ना.

रेखा तिला एवढंच म्हणाली, "एक दुपार तोंड बंद ठेवायचं होतं तुम्हाला. एक दुपार."

महिन्याभरात सुमन पुणतांब्याला गेली. लांबच्या मावशीची एक खोली होती तिथे. शिलाई मशीन टेम्पोत चढवताना मी गच्चीवरून पाहिलं. खाली उतरले नाही. प्राजू दाराच्या आत उभी होती. आत्याला वाचवायला टीव्हीचं नाव घेते, खोटं बोलते, म्हणून तिने मार खाल्ला होता, हे मला शेजारणीने मीठ मागायला आली तेव्हा सहज सांगितलं. मी मीठ दिलं.

त्यानंतर प्राजूचा फोन कधी आला नाही. मीही तो सिनेमा पुन्हा लावला नाही. इतर पोरांना सांगितलं, सीडी खराब झाली.

धंदा पुढे बसला. लोकांच्या हातात मोबाईल आले, पट्टी कोण वाचणार? मुलगा पुण्याला गेला. नवरा सकाळी बाहेर पडतो तो जेवायलाच येतो आणि जेवताना बोलत नाही. गच्चीवरच्या खोलीत आता कांदे ठेवतो आम्ही. मी कांदे निवडायला वर जाते आणि कधी कधी तिथेच बसून राहते. तिथे मला एकटं वाटतं म्हणून नव्हे. एकटं खालीही वाटतं. वर निदान त्याचं कारण समोर असतं.

मागच्या एप्रिलमध्ये प्राजू आली. चोवीस-पंचवीसची, नोकरीवाली, हातात लग्नाच्या पत्रिका. नवरा मुलगा कर्जतचा. चहा घेतला, इकडचं तिकडचं झालं. मग कप खाली ठेवून म्हणाली, आत्याला बोलवायचंय. ती म्हणते, वहिनीने बोलावलं तरच येईन. आणि आई बोलावत नाही.

"काकू, पट्टी होती ना तेव्हा? तुम्ही आईला एकदा एवढंच सांगा. मी काही म्हणणार नाही तुम्हाला."

बघा. तिने मला वाटही करून दिली होती. मी काही म्हणणार नाही. पंचावन्न वर्षांची बाई मी, धंदा बंद, कुणाला तोंड दाखवायचं राहिलं नाही, हरण्यासारखं काय होतं माझ्याकडे? एक शब्द.

मी म्हटलं, "इतक्या वर्षांचं कसं आठवणार बाई?"

ती म्हणाली, तो सिनेमा तिने पुढे कधी पूर्ण पाहिला नाही. ते पिल्लू घरी पोचलं की नाही, तेही ठाऊक नाही. आणि म्हणाली, "मलाच कधी कधी वाटतं, मी मनानं रचलं असेल." मग पत्रिकेला हळदीकुंकू लावून ती माझ्या हातात दिली आणि गेली.

मनानं रचलं असेल. हे मी तिच्या डोक्यात घातलं. पिल्लू पोचतं, एवढं तरी सांगावं असं तेव्हा जिभेवर आलं होतं. तेही नाही सांगितलं, कारण मग मला सिनेमा आठवतो हे कळलं असतं.

लग्नाला मी गेले. कार्यालय भरलेलं होतं. अक्षता झाल्या, मग मानपान सुरू झाले. मुलाकडच्या बायकांनी तबकात साड्या मांडल्या होत्या. आई, आजी, मावशी, मामी झाल्या. मग त्यांच्यातली एक बाई साडी हातात धरून म्हणाली, मुलीची आत्या कोण? कुणीच उठलं नाही. तिने पुन्हा विचारलं. पुणतांबा राहुरीपासून किती लांब आहे? सकाळी निघालं तर चहाच्या वेळेला माणूस पोचतं.

रेखा इकडे तिकडे बघायला लागली. चारचौघांत लाज नको म्हणून असेल, तिची नजर माझ्यावर आली. "ताई, तुम्ही या," ती म्हणाली. "तुम्ही काय परक्या आहात? लहानपणापासून बघताय तिला."

मी उठले. पाटावर बसले. त्यांनी कुंकू लावलं, ओटी भरली, साडी मांडीवर ठेवली. पद्धतीप्रमाणे प्राजू नमस्काराला पुढे आली. माझ्याकडे पाहिलं, मग वाकली. तिचे हात माझ्या पायांना लागले, आणि मी म्हटलं, सुखी राहा.

साडी मोरपंखी आहे, काठ बारीक. आतापर्यंत दोनदा नेसले. चांगली बसते.