भाऊरावांच्या शोकसभेचा टँकर

मी देवळात हात जोडायचो ते मतदार बघतात म्हणून. भूतबाधा, अंगात येणं, चमत्कार... असलं काही कुणी सांगायला लागलं की मी सरळ चहा मागवायचो. काही काळ राज्यमंत्री होतो. तेवढ्यात इतकी भंपक माणसं जवळून पाहिली, की भुताखेतांचं काही वाटेनासं झालं. तरी हे लिहितोय, कारण हे मी स्वतः पाहिलंय — भर दुपारी, डोळ्यांवर चष्मा असताना.

भाऊराव आणि मी एकाच मंत्रिमंडळात होतो, दोघंही बीड जिल्ह्यातले. एका दुष्काळात केज तालुक्यात त्यांचं हेलिकॉप्टर उतरलं. साहेबांच्या कपड्यांवर धूळ नको म्हणून हेलिपॅडवर पाणी मारलेलं होतं. भाऊरावांचा बूट चिखलात रुतला. "हे पाणी कुणाच्या वाट्याचं?" त्यांनी विचारलं. सगळे अधिकारी बुटांकडे बघत उभे. शेवटी कळलं, नांदूरघाटच्या रस्त्यावर एक धनगरवस्ती आहे, तिची टँकरची खेप इकडे वळवली होती. भाऊराव सभा सोडून त्या वस्तीवर जाऊन बसले. दुसरा टँकर आला, शेवटचा हंडा भरला, तेव्हाच उठले. पुढं ते दुष्काळी दौऱ्याला कधी हेलिकॉप्टरने आले नाहीत. आमचे सहकारी त्यांना 'टँकरमंत्री' म्हणून खिदळायचे. पुढच्या फेरबदलात त्यांचं खातं गेलं, आणि खिदळणाऱ्यांची खाती वाढली.

परवाच्या दुष्काळात भाऊराव गेले. शोकसभा ठेवली सहकारी साखर कारखान्याच्या मैदानावर. ऊसच नव्हता, त्यामुळे कारखाना बंद, मैदान मोकळं. चेअरमन म्हणजे 'टँकरमंत्री' हे नाव पाडणारा गडी. त्यानेच बॅनर लावले होते. त्यावर भाऊरावांचा फोटो पासपोर्ट साइझचा आणि चेअरमनचा दाराएवढा! खाली लिहिलेलं, 'त्यांचा आदर्श आम्ही जपू'.

आणि त्या आदर्शाच्या शेजारी, मुंबईहून येणाऱ्या मंत्र्यांसाठी, हेलिपॅडवर पाणी मारायला टँकर उभा! मी ड्रायव्हर रज्जाकला विचारलं, "कुठली खेप ही?"

"धनगरवस्तीची, सायेब. चेअरमननी वळवाया लावली. लई दिसांनी नंबर आलता त्यांचा."

तीच वस्ती. मी चेअरमनला गाठलं. तो म्हणाला, "साहेब, भावना समजून घ्या. पाहुणे धुळीत उतरले तर भाऊरावांचाच अपमान." असल्या माणसाशी काय बोलायचं? मला किळस आली.

रज्जाकने मागचा व्हॉल्व्ह फिरवला. थेंब नाही. पूर्ण उघडला. थेंब नाही. वर चढून बघितलं, टाकी काठोकाठ. पाइपात गज घातला, तो आरपार गेला. मी कोट काढून स्वतः व्हॉल्व्ह फिरवून पाहिला... कोरडा. कारखान्याचा इंजिनिअर आला, "हवा कोंडली असेल" म्हणाला.

"वरचं झाकन उघडं हाय की," रज्जाक म्हणाला, "मंग हवा कोंडतीय कुटं? मला तर काय बी कळंना, सायेब."

तेवढ्यात आभाळात घरघर सुरू झाली. चेअरमन ओरडला, "हलीव बे ते धूड इथून!" मी रज्जाकच्या शेजारी केबिनमध्ये चढलो आणि म्हणालो, "वस्तीवर घे." मागं हेलिकॉप्टर उतरलं आणि धुळीचा असा लोट उठला की चेअरमनसकट सगळा मंडप खोकत बसला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

वस्तीवर मथाबाई नावाची म्हातारी घागर घेऊन पुढं आली. रज्जाक तिला सांगतच होता, "मावशे, बिघडलाय त्यो, पानी येत न्हाई..." तोवर तिने व्हॉल्व्हला हात घातला. पाणी असं धाडकन आलं की घागर हातातून निसटली. बाया ओरडत धावल्या. मी बघत राहिलो. अंगावर काटा आला होता, आणि त्याचा मला रागही आला होता. शेवटचा हंडा भरेपर्यंत धार कुठं अडली नाही.

नंतर दोन मेकॅनिकना विचारलं, एका प्राध्यापकाला विचारलं. प्रत्येकाने वेगळं कारण सांगितलं, एकही त्या दुपारला लागू पडत नाही. माझ्याकडे तर कारणच नाही.

चेअरमनला मात्र क्षणात सगळं समजलं! आठवड्यात तो टँकर रंगवून कारखान्याच्या गेटवर उभा केला. व्हॉल्व्हला हार, समोर समई, वर पाटी: 'भाऊरावांचा साक्षात्कार'. लोक नारळ फोडतात, सेल्फी काढतात. मुंबईचे मंत्रीही माथा टेकवून गेले.

काल मथाबाईचा फोन आला. "सायेब, आमचा टँकर कावून बंद झाला?"

मी सांगितलं, "मावशी, त्याची पूजा चाललीय."

 ती म्हणाली, "भाऊराव असते तर गेटावरून हाकलत आणला असता त्यांनी. तुमी बी मंत्री व्हता न्हवं?"

मी रज्जाकला फोन लावलाय. किल्ली अजून त्याच्याकडेच आहे.