तिसऱ्यांदा न विचारलेलं पाणी

तुझ्या शाळेत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन आहे आणि तिथं ठेवायला तुला माझ्या कपाटातलं ते बोलकं यंत्र हवं आहे, असं तू परवा फोनवर सांगितलंस. यंत्र मी पुसून, चार्जरसकट डब्यात घालून ठेवलं आहे. डब्यावर चिठ्ठीही चिकटवली आहे. पण त्याच्याबरोबर हे कागदही यायला हवेत, असं मला वाटलं. तुम्हा दोघा भावंडांना मराठी बोलता येतं, वाचताना मात्र अडखळता. तेव्हा हे बाबाच वाचून दाखवील. म्हणजे त्यालाही आजच कळेल. ते मी धरूनच लिहायला बसले आहे.

यंत्र तुमच्या जपानच्या आजीचं. तुझ्या जन्माला तेव्हा दोन महिने अवकाश होता. तुझ्या आईला विमानात बसायची मनाई होती आणि बाबा तिला सोडून येणार नव्हता. तुमच्या त्या आजीला मात्र आपली मुलगी ज्या घरची झाली ते घर एकदा पाहायचं होतं. लग्न तिकडेच झालं होतं, त्यामुळे ती इकडे कधी आलीच नव्हती. अजिंठा-वेरूळ दाखवणाऱ्या एका टूरबरोबर ती आली आणि टूर संपल्यावर चार दिवसांसाठी माझ्याकडे उतरली. तुमचे इकडचे आजोबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. तीही एकटीच. घरात आम्ही दोघी आणि ते यंत्र.

साबणाच्या वडीएवढं ते यंत्र ती गळ्यात दोरीनं अडकवायची. एक बटण दाबून ती बोलली की ते इंग्रजीत सांगे, दुसरं दाबून मी बोलले की जपानीत. मराठी त्यात नव्हतं. हिंदी होतं, पण मी इंग्रजी निवडलं. मिशनच्या शाळेत शिकलेली मी, माझं इंग्रजी नीटनेटकं आहे याचा मला फार अभिमान होता. यंत्राला माझा शब्दन् शब्द कळत होता, याचाही झाला.

गावाचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं. शहर बीड बायपास ओलांडून इथल्याच सातारा गावाच्या डोंगराकडे सरकत चाललं होतं. ज्वारीच्या रानात सात-सात मजले उभे राहिले, पण नळ मागेच राहिले. आमच्या सोसायटीचं बोअर सलग दुसऱ्या वर्षी आटलं होतं. टँकर पाचव्या-सहाव्या दिवशी यायचा. माझ्या मोरीत दोन निळसर पिंपं होती, आतलं पाणी बाहेरून दिसायचं. रोज संध्याकाळी पाणी जिथवर असेल तिथं मी बाहेरून खडूनं रेघ ओढत असे. आजची रेघ कालच्या रेघेपेक्षा किती खाली गेली ते पाहून उद्याचं ठरवायचं.

ती आली त्याच संध्याकाळी मी तिला मोरीत नेऊन यंत्रावरून सगळं समजावलं. अंघोळीला एक बादली. तोंड धुतलेलं पाणी कुंड्यांना. टँकर शुक्रवारी येईल, त्याआधी नाही. पिण्यासाठी तुमच्या खोलीत बाटल्यांचा खोका ठेवला आहे. ती मान किंचित झुकवून ऐकत होती. शेवटी तिनं माझे आभार मानले. मग मी तिच्यासमोरच वाकून रेघ ओढली.

पुढचे दोन दिवस रेघ जेमतेम बोटभर खाली गेली. मला बरं वाटलं. गुणाची पाहुणी आहे, असं मी मनात म्हटलंसुद्धा. खोक्यातल्या बाटल्या मी पाहिल्या नाहीत. पाहुण्यांच्या खोलीत डोकावू नये, अशी माझी शिस्त.

पाणी मी तिला विचारत नव्हते असं नाही. दर दोन तासांनी विचारत होते, घोळून घोळून, शुद्ध इंग्रजीत. यंत्र जपानीत विचारी, ती हसून काही बोले आणि यंत्र म्हणे, ‘नको, धन्यवाद.’ मी थांबत असे. आमच्या शाळेत हेच शिकवलं होतं. समोरचा नको म्हणाला की ताट मागे घ्यायचं, माणसाला भंडावून सोडायचं नाही. सासूबाईंना माझी ही सवय कधीच पटली नाही. पाहुण्याच्या ‘नको’ला त्या मोजतच नसत. दोनदा नको म्हटल्यावर तिसऱ्यांदा न विचारता वाढून मोकळ्या होत. मला म्हणायच्या, “तुझ्या घरी एखाद दिवशी पाहुणा मरायचा गं, आणि तू म्हणशील त्यानं मागितलं नाही.”

शुक्रवारी तिला दौलताबादचा किल्ला पाहायचा होता. सकाळी सातला निघायचं ठरलं होतं, पण टँकरचा दिवस होता. पिंपं भरल्याशिवाय घर कसं सोडणार? टँकर साडेनऊला आला. पाइप धरायला तीही खाली उतरली. चेहरा ओढलेला दिसला, तेव्हा मला वाटलं प्रवासाचा शीण असेल.

ठरवलेल्या गाडीचा ड्रायव्हर जुन्या शहरातला होता. वाटेत ती खिडकीबाहेर बोट दाखवून यंत्राला काही सांगे आणि यंत्र मला. ड्रायव्हरला भारी गंमत वाटली. म्हणाला, “मॅडम, ये डब्बा तो मेरी फुप्पू से भी जादा बोलता.” फुप्पू म्हणजे त्याची आत्या.

आम्ही पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. चैत्र संपत आलेला, झाडाला पान नाही, दगडातून वाफ निघत होती. मी वाटेत प्रत्येकी एक बाटली विकत घेतली होती. पहिल्या दरवाज्यापाशी विचारलं. नको, धन्यवाद. मिनाराच्या सावलीत विचारलं. नको, धन्यवाद. मी माझी बाटली निम्मी संपवली. वरच्या खंदकाकडे जाणाऱ्या चढावर भिंतीला टेकून एक म्हातारी कैरीच्या फोडी आणि काकड्या विकत होती. तिचे ओठ फुटलेले होते. तुमची आजी तिच्यापुढे थांबली, मान झुकवली आणि आपली न उघडलेली बाटली दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली.

“राहू दे माय, तुला लागंल,” म्हातारी म्हणाली. आजीनं बाटली तिच्या टोपलीत ठेवली आणि पुढे निघाली. मी हे सगळं पाहत होते. किती चांगली बाई, एवढंच माझ्या मनात आलं.

खंदकावरच्या पुलापाशी ती थांबली आणि खाली पाहू लागली. तळाला थोडंसं हिरवं पाणी उरलं होतं. मग ती खाली बसली. बसली म्हणजे तिचे पायच गेले. मी दंडाला धरलं तर दंड तव्यासारखा तापलेला आणि कोरडा ठणठणीत. घामाचा एक थेंब नाही. ती काहीतरी बोलत होती, भराभर, माझ्याकडे न पाहता. मी यंत्राचं बटण दाबलं. यंत्र म्हणालं, नेटवर्क नाही.

पुन्हा दाबलं. नेटवर्क नाही. यंत्र हातात उंच धरून मी पुलाच्या या टोकाकडून त्या टोकाला धावले. माझा मोबाइलही मुका. परत आले तेव्हा ती दगडावर आडवी झाली होती आणि तोंडानं एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती. तो शब्द मला आजही माहीत नाही. मुलीचं नाव नव्हतं, ते मी ओळखलं असतं. मी उरलेली बाटली तिच्या तोंडाला लावली. तिनं हातानं बाजूला सारली. आणि मी, तुम्हाला खरं सांगते, मी मागे घेतली. परक्या देशातली, आठवा महिना लागलेल्या गरोदर मुलीची आई माझ्यासमोर जात होती, आणि मी गुडघ्यांवर बसून तिला इंग्रजीत विचारत होते, “थोडं पाणी घेता का?”

म्हातारी टोपली तिथंच टाकून वर आली. आजीच्या गळ्याला हात लावून म्हणाली, “अगं माय, हिला झळ लागली. पाणी पाज की!”

“नको म्हणतेय ती.”

“विचारतीस काय तिला? पाहुणीला पाणी विचारत्यात व्हय? पाजत्यात!”

तिनं आजीचं डोकं मांडीवर घेतलं. मघाची बाटली कमरेला खोचलेली होती, तिचं झाकण उघडलं. कैरीला लावायचं मीठ कनवटीतून काढून चिमटीनं त्यात टाकलं. पदर भिजवून कपाळावर, मानेवर ठेवला. आजीनं तोंड फिरवलं तर हनुवटी धरून परत वळवली. “पी बाई. लई शानी हायेस. पी. माझ्या गळ्याची आन हाय तुला. पी.” ओठांत बोटानं थेंब, मग घोट, मग दोन घोट. मध्येच माझ्यावर खेकसली, “तू बघत काय बसलीस? वारा घाल! ते खेळणं ठिव खाली.”

मी यंत्र खाली ठेवलं आणि पदरानं वारा घालू लागले.

विकणाऱ्या बाईचा गळा तो. तिनं तिथूनच खालच्या माणसाला हाक घातली, त्यानं पुढच्याला, असं करत ती हाक ड्रायव्हरपर्यंत पोचली. तो धापा टाकत वर आला आणि आजीला पाठीवर घेऊन उतरला. यंत्र म्हातारीनंच माझ्या हातात कोंबलं. तिचं नाव मी विचारलं नाही.

गाडीत आजीला उलटी झाली. रस्त्याचं काम चालू होतं, डंपर आडवे. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून पुटपुटत होता, “अल्ला, खैर कर.” मी तिचा हात धरून देवाला नवस बोलत होते. काय बोलले ते आठवत नाही.

दवाखान्यात सलाइन लागलं. तिथं नेटवर्क होतं. डॉक्टरांनी विचारलं, लघवी शेवटची कधी झाली? मी यंत्राला विचारलं, आणि त्यानं भर वॉर्डात, खणखणीत आवाजात जपानीत विचारलं. तिनं डोळे मिटून घेतले. मग ती काही पुटपुटली आणि यंत्र म्हणालं, काल सकाळी. डॉक्टर माझ्याकडे वळले. “तुम्ही बरोबर होतात ना?”

सिस्टर लघवीची नळी आणि पिशवी लावून गेली. जाताना मला म्हणाली, “आजी, या पिशवीकडे लक्ष ठेवा. यात आलं तर किडनी चालू आहे. नाही आलं तर सरांना सांगू.”

पिशवी रिकामी होती. मी स्टुलावर बसून तिच्याकडे पाहत राहिले. दोन वाजले. तीन वाजले. तुझ्या बाबाचा फोन आला. त्याला मी म्हटलं, “किल्ल्यावर आहोत, आवाज तुटतोय,” आणि ठेवला. आयुष्यात त्याच्याशी मी इतकं सरळ खोटं कधी बोलले नव्हते.

फोनच्या आवाजानं ती जागी झाली. मी यंत्र तिच्या उशाशी धरलं. तहान लागली होती तर सांगितलं का नाही, असं विचारलं. ती हळूहळू बोलली. यंत्र नेहमीच्याच सपाट आवाजात म्हणालं, “तुमच्या पिंपावर पांढरी रेघ आहे. पहिल्या संध्याकाळी तुम्ही तिच्याकडे खूप वेळ पाहत होतात. मला वाटलं, मी इथं असेपर्यंत ती खाली जाऊ नये.”

मी म्हटलं, बाटल्या तर तुमच्यासाठीच होत्या. ती म्हणाली, “तुम्ही त्यातली एकही घेतली नाहीत. मग मी कशी घेऊ?”

खोक्यातल्या दोनच बाटल्या उघडल्या होत्या, ते मला घरी गेल्यावर दिसलं.

मग तिनं आणखी एक सांगितलं. “मुलीला सांगू नका. पोटात बाळ आहे.” मी हो म्हटलं. यंत्रानं तेही भाषांतर केलं.

दिवेलागणीच्या सुमाराला पिशवीच्या तळाशी काहीतरी दिसलं. कोऱ्या चहासारखं, दोन चमचे. मी सिस्टरला बोलवायला धावले, चपला न घालता. तिनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, “चला, सुरू झालं.” पलीकडच्या खाटेवरच्या बाईनं हात जोडले.

चार दिवस ती तिथं होती. तुझ्या आईला आम्ही सांगितलं की दोघींना करमतंय म्हणून मुक्काम वाढवला. जाताना ते यंत्र तिनं माझ्या हातात ठेवलं.

तू जन्मलीस, सगळं छान झालं, तेव्हा सांगायला हवं होतं. बाळासाठी दिलेला शब्द बाळ झाल्यावर सुटला होता. पण त्या शब्दाआड लपणं मला सोयीचं वाटत गेलं. तिला आता दर तीन महिन्यांनी रक्त तपासावं लागतं आणि तुम्ही तिच्याकडे गेलात की ती फोडी मोजून फळ खाते. ते वयामुळे, असं तुझ्या आईला वाटतं. इथले डॉक्टर तेव्हाच मला म्हणाले होते, किडनीला मार बसला आहे, पुढे जपावं लागेल. तिचं वय त्यात असेलही. पण त्या शुक्रवारी मी तिच्याबरोबर होते, हे मला कुणी सांगायची गरज नाही.

यंत्र प्रदर्शनात ठेव. ते अजून चालतं.

बाबा वाचता वाचता इथं थांबला असेल. त्याला घाई करू नका. त्याचं झालं की मला सांगा, मी फोनजवळच बसले आहे.